चिनूच्या ठेवींविषयी

लेस्टर

ती. स्व. दादा व सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

चिनूसाठी साठवलेल्या मुदत ठेवी त्याच्याच नावावर करून टाकाव्यात, असे दादा परवा फोनवर म्हणाले, तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

१ सप्टेंबर २००२ ते २ जानेवारी २०११ या काळात जन्मलेल्या मुलांसाठी इथल्या सरकारने ‘चाइल्ड ट्रस्ट फंड’ ही योजना काढली होती. आमच्या मुलीला तिचे २५० पौंडांचे व्हाउचर मिळाले आणि अठरा वर्षे पूर्ण होताच ते पैसे सर्वस्वी तिचे झाले. शेजारच्या मुलाचेही असेच खाते होते. पण चिनूप्रमाणेच त्याला पैशाचे व्यवहार कळत नाहीत, त्यामुळे पोटच्या मुलाचे पैसे काढायला आईला न्यायालयात अर्ज करावा लागला. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते फॉर्म भरायला मी तिच्याबरोबर बसले होते. दर पानाला तिचे डोळे भरून येत होते. वहिनींवर ती वेळ येऊ नये.

चिनूसाठी आपण खासगी न्यास करावा. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमानुसार तुम्ही पैसे विश्वस्तांच्या हवाली करता, ते विश्वस्त ते सांभाळतात आणि न्यासपत्रात लिहिल्याप्रमाणे केवळ चिनूसाठीच खर्च करतात. त्यातून स्वतःचा फायदा त्यांना काढता येत नाही. औषधे, सांभाळणाऱ्या बाईंचा पगार, एवढेच नव्हे तर रविवारी एसटीने वाईला जाऊन येण्याची त्याची आवडसुद्धा त्यात स्पष्ट लिहावी. फ्लॅटही द्यायचा असेल, तर न्यासपत्राची नोंदणी करावीच लागेल. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी सार्वजनिक न्यासांसाठी असते, तिचा इथे संबंध नाही.

विश्वस्त म्हणून एकट्या थोरलीला नेमू नये. तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण तिचा संसार आहे, उद्या तिचेही आजारपण येईल; सोबतीला आणखी दोघे असावेत आणि त्यांच्या पश्चात कोण, हेही आत्ताच लिहून ठेवावे. मी इतक्या लांब असल्याने माझे नाव घालू नये. चिनूच्या पश्चात उरलेले पैसे कोणाकडे जावेत, हे तुम्ही दोघांनी ठरवावे.

वकिलांकडे जाण्यापूर्वी वहिनींनी गेल्या वर्षाची खर्चाची वही काढून चिनूचा महिन्याचा खर्च वेगळा मांडावा आणि त्या पानांचे फोटो मला पाठवावेत.

चिनूला अनेक आशीर्वाद.

तुमची धाकटी बहीण