हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी नको

महोदय,

रात्री समोरून येणाऱ्या गाडीने डोळे दिपले की ती अप्परवरच असते असे नाही. अनेकदा ती डिप्परवर असते, पण हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब कोंबलेला असतो. एच-4 हॅलोजनमध्ये, म्हणजे अप्पर आणि डिप्पर दोन्ही असलेल्या बल्बमध्ये, डिप्परच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्याच भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर उतरतो. एलईडीच्या सपाट चिप फिलामेंटच्या जागेपासून मिलिमीटरभर सरकल्या, तरी झोत विस्कटून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय एलईडी बल्बच्या मागच्या पंख्यामुळे हेडलाइटची रबरी टोपी नीट बसत नाही आणि पावसाळ्यात आत पाणी शिरते.

केंद्रीय मोटार वाहन नियम 106 नुसार, 8 मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणारा दिवा चालत नाही. नियमबाह्य बदलासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ(4) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाल्यास विमा कंपनीही न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते. जर्मनीत 2020 पासून काही एलईडी बल्बना परवानगी मिळाली, तीसुद्धा चाचणी झालेल्या ठरावीक मॉडेलांपुरतीच.

इंडिकेटरचे दुखणे वेगळे. 21 वॅटच्या बल्बच्या जागी दोन-तीन वॅटची एलईडी आली, की फ्लॅशरला (इंडिकेटर मिचकवणाऱ्या भागाला) बल्ब गेल्यासारखे वाटते आणि इंडिकेटर भराभर मिचकतो. मग फ्लॅशरला पूर्वीइतका भार दिसावा म्हणून 6 ओहमचा रेझिस्टर जोडतात. त्यातून दोन अँपिअर वाहतात आणि तो इतका तापतो की वायरचे आवरण किंवा जवळचे प्लास्टिक वितळते. आगीला हे उघड आमंत्रण आहे.

उजेड कमी वाटतो म्हणून बल्ब बदलण्याआधी पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या. मग इंजिन चालू ठेवून, डिप्पर लावून बॅटरीवर आणि बल्बच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थिंग, कनेक्टर तपासा, गरज पडल्यास रिले (बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच) बसवा. व्होल्टेज 10 टक्के घटले की हॅलोजनचा उजेड सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. नवा बल्ब 60/55 वॅटचाच (अप्पर/डिप्पर) घ्या. 100/90 वॅटचा बल्ब होल्डर जाळतो.

शेवटी गाडी सपाट जागी भिंतीपासून 5 मीटरवर उभी करा. डिप्परच्या उजेडाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा पाच ते सात सेंटिमीटर खाली हवी, आणि ती वर चढेल तर फक्त डावीकडे.

– एक वाचक, नाशिक