इमारत जुनी झाली म्हणून पाडायची कशाला?

संपादक महोदय,

जुने ऑफिस टॉवर रिकामे पडले की लगेच 'पाडा आणि नवीन बांधा' असं सुरू होतं, ते वाचून खरंच वाईट वाटतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातली पीएसएफएस बिल्डिंग बघा ना, १९३२ ची, ३६ मजली, जॉर्ज हाऊ आणि विल्यम लेस्काझ या आर्किटेक्टनी पीएसएफएस नावाच्या बँकेसाठी बांधलेली. पुढे १९९२ मध्ये बँक बुडाली, पण बिल्डिंग कोणी पाडली नाही, २००० साली तिथे हॉटेल सुरू झालं आणि छतावरची 'PSFS' ही बँकेच्या नावाची चार लाल अक्षरं, एकेक २७ फूट उंच, आजही आहेत. बँकेच्या मोठ्या हॉलमध्ये आता समारंभ होतात, कार्टिए या प्रसिद्ध कंपनीची जुनी घड्याळंसुद्धा जपलीयेत!

आता हे सगळीकडे जमेलच असं नाही, कारण हॉटेलच्या प्रत्येक खोलीला खिडकी लागते, बाथरूम लागतं, म्हणजे मजल्यामजल्यावर नवे पाईप आले, आणि मजला फार रुंद असेल तर मधल्या भागात उजेडच पोचत नाही. पीएसएफएसचा टॉवर अरुंद आहे म्हणून ते सोपं गेलं. शिकागोत मीस व्हॅन डेर रोह या आर्किटेक्टच्या ५२ मजली आयबीएम टॉवरमध्ये तर फक्त खालच्या मजल्यांवर हॉटेल केलंय, वर ऑफिसं आहेतच.

माझं म्हणणं एवढंच, की पाडायची परवानगी देण्याआधी मालकाकडून असा पर्याय तपासल्याचा रिपोर्ट सक्तीने मागा आणि तो लोकांना वाचायला द्या.

– एक वाचक