शनिवारी सराव : महिला बचत गटाची बैठक चालवायची कशी

सर्व प्रेरिका ताई (गावातल्या गटांना मार्गदर्शन करणाऱ्या), गटांच्या अध्यक्ष आणि सचिव,

सोयाबीनची काढणी आटोपली आहे, म्हणून येत्या शनिवारी दुपारी २ ते ५ ग्रामपंचायतीच्या सभागृहात बैठक चालवण्याचा सराव ठेवला आहे. भाषण कोणाचंच नाही. एकेकीने १० मिनिटं बैठक चालवायची, बाकीच्या सदस्य होतील. एकीचा हप्ता थकलेला, एक सारखी मध्ये बोलणारी, एक पदर तोंडाशी धरून गप्प.

त्या गप्प बसणारीला जास्त वेळ द्यायचा आहे. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब ही पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. पण कर्ज कोणाला आधी, हे दोघीतिघीच ठरवत असतील तर बाकीच्या नुसत्या सहीच्या धनी. प्रश्न विचारला की मनात १० पर्यंत आकडे मोजा, उत्तर आपणच देऊन टाकू नका. ‘कळलं का?’ म्हटलं की सगळ्या ‘हो’ म्हणतात. ‘तुमच्या घरी हे कसं जमेल?’ विचारलं की बोलू लागतात. मला हे उमगायला दोन वर्षं लागली. तोवर कितीजणींचं ऐकायचं राहून गेलं, याची खंत आहे.

सतरंजीवर गोल बसू, खुर्ची-टेबल नको. ठराव लिहिण्याआधी मोठ्याने बोलून दाखवायचा, हेही करून बघू. इतिवृत्ताचं रजिस्टर आणा. लेकरं लहान असतील तर खुशाल घेऊन या.

कधीच चारचौघींत बोलल्या नाहीत अशा ताईंची नावं आधी कळवा, गुरुवारपर्यंत.