झाकण न लावलेलं पातेलं

काका, सादर नमस्कार.

आमचे मासे वाचवल्याबद्दल तुमच्यासमोर आभाराचा विषय काढला की तुम्ही लगेच "आज पाणी किती बदललंत?" असं विचारता आणि माझं बोलणं तिथेच राहतं. म्हणून हे लिहून काढते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं उघडपणे लिहिते आहे. महिना होत आला, तरी तो जिना चढताना अजून घसा दाटून येतो.

त्या दुपारी मी बादली घेऊन खाली उतरत होते. बादलीवर फडकं होतं आणि आत आमचा पांढरा गोल्डफिश. मेलेला. तुम्ही वर येत होतात. आम्हाला इथे राहायला येऊन चारच दिवस झाले होते, तुमची-आमची ओळखही नव्हती. तुम्ही फडक्याकडे पाहिलंत, मग माझ्या चेहऱ्याकडे, आणि विचारलंत, "मासा का? बाकीचे किती आहेत?"

बाकीचे किती आहेत, हे त्या चार दिवसांत मला कुणीही विचारलं नव्हतं.

ज्यांच्याकडून आम्ही वर्षानुवर्षं माशांचं खाणं घेत आलो, त्यांना मी घर बदलायच्या आधी मुद्दाम विचारलं होतं, टाकी हलवताना काय जपायचं म्हणून. "सगळं चकाचक धुवा, ताजं पाणी भरा, झालं." मी अगदी तसंच केलं. खडे गरम पाण्याने धुतले. फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. फोन केला, तर त्यांनी एका औषधाच्या बाटलीचं नाव सांगितलं. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले, कल्ल्यांच्या कडा लालभडक. पुन्हा फोन केला, तेव्हा उत्तर आलं, "ताई, मासेच आहेत. नवीन घेऊन जा."

चुकीचा सल्ला दिला याचा राग एव्हाना ओसरला. या शेवटच्या वाक्याचा ओसरलेला नाही. आमचा शेंदऱ्या नऊ वर्षांचा आहे. माझी मुलगी आणि तो एकाच वर्षी घरात आले. ती पाळण्यात रडायला लागली की तो काचेपाशी येऊन थांबायचा, असं मी अजून तिला सांगते. त्याच्या जागी नवीन कुठला आणायचा?

तुम्ही बादली माझ्या हातातून घेतलीत, बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "आधी जिवंत आहेत त्यांच्याकडे जाऊ." घरी आल्यावर पहिल्यांदा टाकीचा दिवा बंद केलात. मग वर जाऊन पाण्यातला अमोनिया तपासायची तुमची चाचणीची बाटली आणलीत. काचेच्या नळीत टाकीचं पाणी, त्यात थेंब, आणि पाच मिनिटं थांबायचं. रंग पिवळा राहायला हवा होता. तो हळूहळू हिरवा होत गेला आणि तुम्ही काहीच न बोलता नळी खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिलात. मी काय काय धुतलं ते सगळं सांगितलं. माझी खात्री होती की आता ऐकून घ्यावं लागणार. तुम्ही इतकंच म्हणालात, "स्वच्छ करावंसं वाटतंच माणसाला." हे वाक्य मी कितीदा आठवलं असेन!

त्यानंतरचं जे आहे, त्यासाठी हे पत्र.

तुम्ही पुन्हा वर गेलात आणि बराच वेळ आला नाहीत. मी दार उघडून पाहिलं, तर तुम्ही दोन्ही हातांनी एक पातेलं धरून एकेक पायरी जपून उतरत होतात. पातेल्यात पाणी, आणि पाण्यात तुमच्या स्वतःच्या फिल्टरमधला स्पंज, कात्रीने कापलेला अर्धा भाग. गडद तपकिरी, बुळबुळीत, ओल्या मातीसारखा वास येणारा. पाणी हिंदकळून तुमच्या पँटवर सांडत होतं, मागच्या पायऱ्यांवर ओले ठिपके पडले होते. मी म्हणाले, "काका, झाकण तरी लावायचं होतं." तुम्ही पातेल्यावरची नजर न हलवता म्हणालात, "झाकलं तर गुदमरतील."

कोण गुदमरतील, हे मला तेव्हा कळलं नाही. त्या रात्री झोप नव्हतीच, म्हणून वाचत बसले. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, आणि एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे माशांना पुष्कळ कमी त्रासाचं. सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने हे जीवाणू १८९०च्या सुमारास वेगळे करून दाखवले. ते पाण्यात फारसे नसतात. स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात, आणि त्यांना सतत प्राणवायू लागतो. फिल्टर बराच वेळ बंद राहिला तर तो त्यांना पुरत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तर जीवाणू मारण्यासाठीच असतं. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे मी 'घाण' म्हणून जे मोरीत सोडलं, त्यावर माझे मासे नऊ वर्षं जगले होते. त्यात आमच्या नळाच्या पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, आठच्या आसपास. सात पीएचच्या पाण्यात जेवढा अमोनिया विषारी रूपात असतो, त्याच्या साधारण दहापट आठला असतो. पाणी दिसायला कितीही नितळ असलं तरी.

काका, दोन मजले उतरायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात झाकणामुळे काहीही बिघडलं नसतं, हे आता मलाही समजतं, तुम्हाला तर ते तेव्हाही माहीत होतं. तरी तुम्ही झाकण लावलं नाहीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची अशी काळजी घ्यायची तुमच्या हातांना सवयच आहे, आणि त्या ओल्या पायऱ्यांवर उभी असताना मला चार दिवसांत पहिल्यांदा वाटलं की आता आपले मासे वाचतील.

तुम्ही तो स्पंज आमच्या टाकीत पिळलात तेव्हा पाणी आणखी गढूळ झालं आणि माझा हात तुम्हाला थांबवायला पुढे आला होता. त्याबद्दल माफ करा. उरलेला तुकडा फिल्टरमध्ये बसवलात. पुढचे दिवस काय काय केलं ते सगळं लिहीत बसत नाही. रोज पाव टाकी पाणी बदलायचं, क्लोरीन काढलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं. पहिले दिवस खाणं बंद. दुसऱ्या आठवड्यात नायट्राइट चढलं तेव्हा तुम्ही मोजून मीठ घालायला लावलंत. नायट्राइटमुळे माशाचं रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, आणि मिठातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, हे तुम्ही माझ्या मुलीला इतकं समजावून सांगितलंत की ती आता मला शिकवते.

एक गोष्ट मात्र तुम्ही सांगितली नव्हती. ती तुमच्या नातवाकडून माझ्या मुलीला कळली. अर्धा स्पंज आम्हाला दिल्यावर तुमच्या टाकीवर ताण येऊ नये म्हणून तुम्ही तुमच्या माशांचं खाणं आठवडाभर जवळजवळ बंद ठेवलं होतंत. आमचे मासे जगावेत म्हणून तुमचे उपाशी राहिले. ही गोष्ट कळली त्या दिवशी मी तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेले, कारण काय बोलायचं ते सुचेना. काही माणसं मदत करतात आणि ती केल्याचं त्यांच्या लक्षातही राहत नाही. अशांमुळेच नव्या जागी येऊन पडलेल्याला ते घर वाटायला लागतं. ओळख नाही, देणंघेणं नाही, आणि तरी बादली हातातून काढून घेणारं कुणी भेटतं. मला तर हा फार मोठा चांगुलपणा वाटतो, तुम्ही कितीही "त्यात काय एवढं" म्हणालात तरी.

परवाची चाचणी कळवायची राहिली. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. तिन्ही मासे खातात. शेंदऱ्याच्या शेपटीची झडलेली कड पुन्हा भरते आहे, अगदी पातळ, काचेसारखी, उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही.

पातेलं घासून ठेवलं आहे, चाचणीची बाटलीही आमच्याकडेच आहे. मी पोचवणार होते, पण मुलगी म्हणते देऊ नकोस, म्हणजे आजोबा न्यायला येतील. तेव्हा या.