रविवारी रोपवाटप, ट्रेमधली रोपं सांभाळा

मंडळी नमस्कार, येत्या रविवारी सकाळी ८ वाजता लोकमान्य नगरला आपलं मिरची-टोमॅटो-वांग्याच्या रोपांचं वाटप आहे, पण सध्या पावसाळी दमट हवेमुळे काहींच्या ट्रेमधली रोपं रातोरात मातीलगत मऊ पडून आडवी होतायत. हा कोलमड रोग आहे, मातीतल्या बुरशीमुळे होतो, आणि एकदा देठ गळालं की ते रोप वाचत नाही म्हणून सगळा भर आधीच्या काळजीवर द्या.

- पाणी फक्त सकाळी, तेही ट्रेखालच्या ताटलीत. अर्ध्या तासाने उरलेलं पाणी ओतून टाका, हे खरंच सगळ्यात महत्त्वाचं!
- मातीवर दालचिनीची पूड चिमटीने पातळ भुरभुरवा. थर नको.
- दाट उगवलेली रोपं विरळ करा, उजेड आणि वारा हवा.
- पडलेलं रोप आजूबाजूच्या मातीसकट काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको.

जुने ट्रे परत वापरणार असाल तर आधी साबणाने घासून उन्हात वाळवा. आणि कृपा करून ज्या ट्रेमध्ये रोग दिसलाय त्यातली चांगली दिसणारी रोपंसुद्धा वाटपाला आणू नका, दुसऱ्याच्या गच्चीवर ती बुरशी जाते. ज्यांची गेली त्यांनी शनिवारपर्यंत ग्रुपवर कळवा, माझ्याकडे मिरचीची जास्तीची आहेत.