किल्लीच्या रिमोटमधून काढलेला सेल

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोटारीच्या किल्लीतील रिमोट चालेनासा झाला की हल्ली अनेक जण त्याचा सेल घरीच बदलतात. हे काम अवघड नाही. आतली धातूची किल्ली बाहेर काढून, खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून कवच हलकेच उकलायचे, सेलची धन बाजू कुठे आहे हे पाहून ठेवायचे आणि त्याच क्रमांकाचा नवा सेल बसवायचा, एवढेच ते असते. (सीआर २०३२ आणि सीआर २०२५ यांचा व्यास सारखाच असला, तरी जाडी अनुक्रमे ३.२ आणि २.५ मिलिमीटर असते. म्हणून क्रमांक पाहूनच सेल घ्यावा.) मला लिहायचे आहे ते काढलेल्या सेलविषयी, कारण तो बहुधा टेबलावर, डॅशबोर्डवर किंवा चिल्लरच्या वाटीत पडून राहतो.

रिमोटला पुरेनासा झालेला सेल पूर्ण रिकामा झालेला नसतो. २० मिलिमीटर व्यासाची ही चकती लहान मुलाने गिळल्यास ती अन्ननलिकेत अडकू शकते; तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते, सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत अन्ननलिका गंभीररीत्या भाजू शकते. त्यासाठी सेल फुटावा वा गळावा लागत नाही. लाळ गळणे, खाणे नाकारणे, खोकला ही लक्षणे साध्या आजारपणासारखी दिसतात, आणि गिळताना कोणी पाहिलेले नसेल तर मोलाचा वेळ निघून जातो. नुसता संशय आला तरी उलटी करवण्याच्या फंदात न पडता मुलाला ताबडतोब एक्स-रे आणि एंडोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

आपल्याकडे खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून मानक चिन्ह बंधनकारक आहे आणि बटण सेलचा कप्पा अवजाराशिवाय उघडता येऊ नये, अशी अट विजेच्या खेळण्यांच्या मानकात आहे. मोटारीची किल्ली खेळण्यांत मोडत नाही. पण रडणाऱ्या मुलाच्या हाती सर्वांत आधी जी वस्तू दिली जाते ती हीच, आणि कित्येक रिमोटचे कवच नखानेही उघडते. अमेरिकेत रीस हॅमस्मिथ या दीड वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर २०२२ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला आणि सुटे बटण सेल लहान मुलांना उघडता येणार नाही अशा वेष्टनात विकणे सक्तीचे झाले. आपल्याकडे मात्र दुकानदार पट्टीतून एक सेल कापून हातावर ठेवतो.

भारतीय मानक ब्युरोने वेष्टनाचा असा नियम इथेही करावा आणि वाहन उत्पादकांनी रिमोटच्या कवचाला एक लहान स्क्रू द्यावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा सेल विकणाऱ्या प्रत्येक दुकानात आणि सर्व्हिस सेंटरमध्ये जुने सेल टाकण्यासाठी बंद पेटी असायला हवी. तोवर काढलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा आणि ई-कचरा संकलनात द्यावा.

कळावे,
एक वाहनधारक, कोल्हापूर