दिवस बुडताना उगवतीकडे

शेतातल्या आखाड्यावरून, ता. जिंतूर
मृगाचा चौथा दिवस

प्रिय दत्ता,

तुझा फोटो मिळाला. गच्चीवरून दिसणारा तांबडालाल सूर्य, आणि खाली तुझा सवाल: "आमच्या ऑफिसातला लंडनला राहून आलेला पोरगा म्हणतो, संध्याकाळचं आभाळ लाल झालं की उद्या उघडीप. तुमच्याकडं काय म्हणतात रे?" तुमच्याकडं म्हणे! पुण्याला जाऊन तुला बारा वर्षं झाली, तेवढ्यात आमचं-तुमचं झालं का लेका? असो. लाइट दुपारपासून गुल आहे, मोबाईल मेलाय, म्हणून वहीचं पान फाडून बसलोय. मला तर बरंच वाटायलंय. शाळा सुटल्यापासून आपण एकमेकांना धड पत्र लिहिलं नव्हतं.

काल संध्याकाळी बाबांना बाजेवर बसवलं आणि मीही बांधावर टेकलो. दिवसभर अंगाची लाही झालेली. सूर्य टेकडीवरच्या पळसाला टेकला तेव्हा घड्याळ लावून बघितलं. खालची कड टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत अडीच मिनिटं. गंमत अशी की टेकलेला दिसतो तेव्हा तो खरं तर क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेतून येताना उजेड वाकतो म्हणून आपल्याला तो अजून वर दिसतो. आणि एवढ्या तिरप्या वाटेनं येताना त्याला डोक्यावरच्यापेक्षा तीस-चाळीस पट हवा ओलांडावी लागते. निळा रंग वाटेतच विखरून जातो, आपल्या वाट्याला तांबडा उरतो.

पण बाबांची बाज कुठं तोंड करून असते ते आठवतं का तुला? उगवतीला. सगळं जग मावळती बघत असताना हा माणूस सूर्याकडं पाठ करून बसायचा. आपण हसायचो. "गेलेल्याचं काय बघायलाव, येणाऱ्याचं बघा," असं म्हणायचे.

दिवस बुडाला की उगवतीला, अगदी जमिनीलगत एक निळसर राखाडी पट्टा दिसतो आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. तो पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली, हवेवर पडलेली. दहा-पंधरा मिनिटांत ती वर सरकते आणि आभाळात मिसळून जाते. बाबांना सावलीबिवली ठाऊक नाही, ते म्हणतात, "रात्र चढायली." पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दिसला तर कडब्याची गंजी उघडी ठेवायची. मधे कुठं तुटका दिसला तर ताडपत्री काढायची. तुटतो तो तिथं ढग उभा असतो म्हणून, आणि आपल्याकडचा पाऊस पुष्कळदा तिकडूनच येतो.

तुझ्या लंडनवाल्याची म्हण खोटी नाही, फक्त ती इथली नाही. त्याच्याकडं हवामान मावळतीकडून येतं. मावळती स्वच्छ लाल दिसली म्हणजे येणारी हवा कोरडी, सरळ हिशेब. आपलं गणित उलटं. अरबी समुद्राचे ढग सह्याद्रीवर रिकामे होऊन इथं पोचतात, आपल्याला भिजवतात ते बरेचदा बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार होऊन पश्चिमेकडं सरकतो तेव्हा. मराठवाड्याला चार महिन्यांत पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातलाही मोठा भाग असल्या चार-दोन झडींत. मग माणूस मावळती बघून काय करील?

चंद्राच्या खळ्याचंही तसंच. "जवळ खळं, दूर पाणी, दूर खळं, जवळ पाणी." लहानपणी मला ही नुसती शब्दांची कोलांटउडी वाटायची. पण खळी खरंच दोन जातींची असतात. चंद्राला चिकटलेलं छोटं खळं पातळ ढगातल्या पाण्याच्या थेंबांचं. मोठं, हात लांब करून पंजा फाकवला की चंद्रापासून कडेपर्यंत पोचेल एवढं, ते फार उंचावरच्या ढगातल्या बर्फाच्या कणांचं. वादळी ढगाचा माथा पसरत येतो त्यातही असले कण असतात. कुणीतरी शेकडो रात्री जागून बघितलं असेल तेव्हा ही म्हण झाली.

सगळंच मात्र खरं मानू नकोस. नक्षत्रांच्या म्हणींत गंमत जास्त. मघांची ती चुलीपुढची म्हण तू भर वर्गात पूर्ण म्हणून दाखवली होतीस आणि गुरुजी हसावं का मारावं या घोळात पडले होते! शिवाय नक्षत्रं घसरतात. सूर्य मृगात जातो ती वेळ ऋतूच्या मानानं दर बहात्तर वर्षांनी सुमारे एक दिवस पुढं सरकते. हजार वर्षांत दोन आठवडे, म्हणजे एक अख्खं नक्षत्र. म्हण जुनी, तर तिचा पाऊस नेमका कोणत्या नक्षत्राचा? 2025 च्या सप्टेंबरात "पडेल हत्ती तर पाडील भिंती" म्हणायला हत्ती, म्हणजे हस्त नक्षत्र, लागायचाच होता, त्याच्या आधी उत्तरा नक्षत्रातच मराठवाड्यात घरं पडली, जमिनी खरडून गेल्या.

आता जे तुला फोनवर कधी बोललो नाही ते लिहितो. चार वर्षांमागं पंचांगात मृगाचं वाहन बेडूक, म्हणजे भरपूर पावसाचं, निघालं. बांधावर मखमली लाल किडे, मुंग्या अंडी घेऊन वर चाललेल्या, रात्री सडकून पाऊस. बाबा म्हणाले, "ओल बघ." मी म्हणालो, सगळं दिसायलंय की, आणखी काय बघू? तीन एकर सोयाबीन पेरलं, एकरी तीस किलोनं. वीस दिवस टिपूस नाही. उगवलेलं करपलं, बाकीचं मातीतच गेलं. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणलं आणि ती उधारी दिवाळीनंतर फिटली. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हा ध्यानात आलं की बाबा स्वतः कधी मुंग्या बघून पेरत नव्हते. आभाळ बघून ते फक्त आजच्या रात्रीचं ठरवायचे: गंजी झाकायची का, बैलं आत बांधायची का. पेरणीचं विचारायचं ते मातीला. खुरप्यानं उकरून वीतभर ओल गेली का बघायची. परभणीच्या कृषी विद्यापीठातले लोक पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतात. भाषा वेगळी, पण दोघं एकच सांगायलेत.

काचबिंदूनं बाबांची नजर गेलीच आहे आता. उजेड-अंधार तेवढा कळतो. तरी झाकड पडायच्या वेळी तोंड उगवतीलाच, आणि मला विचारतात, "काय दिसायलंय?" काल मी म्हणालो, "पट्टा तुटलाय, औंढ्याच्या अंगाला." तेवढ्यात तिकडं वीज हलली. आवाज यायच्या आत मी मोजत गेलो, तीन सेकंदाला एक किलोमीटर धरून. पन्नास मोजले तरी काही ऐकू आलं नाही. बाबांनी नाक वर केलं, थोडा वेळ तसेच बसले. "ताडपत्री टाक. अन् बियाण्याच्या थैलीचं तोंड सोडू नको."

रात्री दोनच्या सुमाराला आला. सरळ काठाचा एक पत्र्याचा डबा अंगणात मांडून ठेवलाय, सकाळी पोरीची पट्टी घालून मोजलं: 22 मिलिमीटर. रोहिणीत 9 झाला होता. खुरप्यानं उकरलं तर ओल चार बोटं, खाली फुफाटा. शेजारचा तिफण घेऊन निघाला होता. मी त्याला डबा दाखवला तर हसला आणि गेला.

आमच्या थैल्या कोठ्यात तशाच बांधून आहेत. बाबांनी आता पुन्हा हाक मारलीय, दिवस बुडायला आलाय. उठतो.

तुझा,
बाळू